आधार बघून बिअर दिली, मुलगा सतरा वर्षांचा निघाला. माझ्यावर गुन्हा दाखल झालाय, काय करू?

टेबल_सात (धागाकर्ता)

नमस्कार. वाचत असतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. मोबाइलवर लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुणे–सातारा रस्त्यावर एका फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूममध्ये कॅप्टन आहे. गाव भोर तालुक्यात. सोळाव्या वर्षी लोणावळ्याला मोरीवर लागलो, मग टेबल पुसणारा पोऱ्या, मग वेटर, आणि गेली नऊ वर्षं कॅप्टन. बावीस वर्षं या लाइनीत गेली, आजवर माझ्या नावावर साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) नाही. एक्साइजकडचा नोकरनामा माझ्या नावाचा आहे, म्हणजे दारू देण्याच्या कामाला कागदोपत्री मी आहे.

गटारीच्या आधीचा शनिवार. त्या दिवशी आमच्याकडे काय असतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. खाली परमिट रूमला बाहेर वेटिंग, वर फॅमिली सेक्शनला मटण थाळीची रांग, आणि तीन वेटर गावी गेलेले. नऊच्या सुमारास पाच पोरं आली, सात नंबरला बसली. चौघं दिसायलाच पंचविशीच्या आसपासची. पाचवा जरा लहान वाटला, पण अंगानं भरलेला, तालमीतला वाटावा असा, दाट मिशी, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. ऑर्डर तोच देत होता. ‘दादा, आधी पाच स्ट्राँग, शेंगदाणे मसाला, आणि सुक्कं सांगून ठेवा.’ आवाजही पोरसवदा नव्हता.

तरी मी विचारलं. हे शपथेवर सांगतो. म्हटलं, बाकीच्यांचं ठीक आहे, तुमचं आधार दाखवा. त्यानं जराही का-कू न करता फोन काढला आणि गॅलरीतला आधारचा फोटो समोर धरला. स्क्रीनला वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत तडा गेलेला. जन्माचं वर्ष २००३. फोटो त्याचाच. म्हणजे एकवीस पूर्ण, बिअर चालते. मी मान डोलावली आणि काउंटरला बीओटी, म्हणजे बारच्या ऑर्डरची चिठ्ठी, पाठवली.

पोरांनी मिळून अकरा बाटल्या घेतल्या. पाचव्यानं तीन, असं वेटर सांगतो. पावणेअकराला बिल देऊन गेले. सर्व्हिस रोडला पुलाखाली त्याची गाडी घसरली. गाडी तो चालवत होता, मागं एक जण. मागच्याला खरचटलं, याचं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, झाली, डॉक्टरांनी दारूचा वास लिहिला. तिसऱ्या दिवशी वडील शाळेचा दाखला घेऊन चौकीत. सतरा वर्षं पाच महिने. बारावीला आहे.

एफआयआरमध्ये मालक, मी आणि वेटर असे तिघं आहोत. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लावलंय. हवालदार म्हणाले, सात वर्षांपर्यंत आहे. ते ऐकल्यापासून मला दोन घास धड गेलेले नाहीत. सोमवारी अकरा वाजता हजर राहा अशी नोटीस हातात आहे.

आता मालकाचं. काल रात्री आमचे दिवाणजी एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक घेऊन माझ्या खोलीवर आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. कायमचा नसेल तर एक दिवसाचा घ्यायचा, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. गिऱ्हाईक बसलं की त्याचं नाव-वय विचारून तो फाडायचा असा नियम. खरं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकं येतात, नावं मागाहून मनानं भरली जातात. त्या शनिवारच्या पानांवर आता पाच नावं भरलीत, पाचव्यापुढं वय बावीस, आणि दिवाणजी म्हणतात, देणाऱ्याच्या जागी तू सही कर, म्हणजे ‘आम्ही रीतसर विचारून दिलं’ असं दिसेल. मालकांचा निरोप असा की वकील त्यांचाच, वकालतनाम्यावर सही कर, पैशाचं बघतो. आणि सही करायची नसेल तर तुझं तू बघ.

माझे प्रश्न असे. मी विचारलं होतं, त्यानं खोटं दाखवलं, तरी गुन्हा माझा कसा? पुस्तकावर सही करू का? मालकाचाच वकील चालेल का? आणि शेवटचं. त्या पोराला दवाखान्यात बघून यावं असं फार वाटतंय. माझी मुलगी अकरावीला आहे. त्याच्या आईचा चेहरा मी चौकीच्या दारात बघितला, तो डोळ्यांपुढून जात नाही.

---

संपादक

धागाकर्त्याच्या लेखनातून मुलाच्या कॉलेजचं आणि गावाचं नाव काढलं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही काळजी घ्यावी.

---

दोन_मुलांची_आई

मी कडक लिहिणार आहे, माफ करा. माझा धाकटा सतरा वर्षांचा आहे. दाढी आहे, उंची पाच फूट दहा आहे, आवाज फुटलाय. दुकानात लोक त्याला ‘काका’ म्हणतात. म्हणून तो मोठा झाला का? रात्री जेवताना अजून मला माशाचे काटे काढून द्यायला सांगतो.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की तो ‘जरा लहान वाटला’. वाटला ना? मग फोनमधला फोटो बघून समाधान कसं झालं? खिशातलं कार्ड दाखव, नसेल तर तुला थम्सअप, एवढं बोलायला किती वेळ लागतो? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअर मेले. तो मुलगाही आधी बारमध्येच बसून आला होता. त्यानंतर पुण्यातल्या प्रत्येक बारवाल्याला हे ठाऊक असायला हवं होतं. तुमच्या बाबतीत मांडीचं हाड मोडण्यावर निभावलं. त्या आईच्या जागी मी असते तर मीही दाखला घेऊन चौकीतच गेले असते.

तुम्ही वाईट माणूस आहात असं मला म्हणायचं नाही. पुस्तकावर सही मात्र मुळीच करू नका. पुस्तकात पाच खोटी नावं घालून त्या मुलाचं वय बावीस होत नाही.

---

टेबल_सात

ताई, तुमचं बोलणं लागलं, पण खोटं नाही. ‘लहान वाटला’ हे मी लिहिलं कारण ते खरं आहे. लपवून काय करू? त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की वर्ष बरोबर आहे, फोटो त्याचाच आहे, आणि मागं चार टेबलं हाका मारतायत.

---

वकीलताई_वाई

मी सातारा जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि सोमवारच्या आत स्वतःचा वकील गाठा. ‘स्वतःचा’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

आधी कायदा नीट समजून घ्या, कारण चौकीत तुम्हाला अर्धाच सांगितलाय. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या रेषा आहेत. महाराष्ट्रात बिअर-वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस ही वयाची अट आहे. ती मोडली तर मामला परवान्याच्या अटींचा. राज्य उत्पादन शुल्क आणि जिल्हाधिकारी मालकाला नोटीस काढतील, कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. गिऱ्हाईक एकोणीस वर्षांचं असतं तर तुमची गोष्ट बहुतेक इथंच थांबली असती. पण अठराच्या आतला म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘बालक’, आणि तिथं बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७ येतं. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय बालकाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका, ती कमाल मर्यादा आहे. आणि ‘द्यायला लावणारा’ हे शब्दही विसरू नका. त्यात फक्त ट्रे नेणारा हात येत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षं शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र पण अजामीनपात्र झालेत. म्हणजे फक्त ७७ असेल तर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सोबत एखादं दखलपात्र कलम जोडलेलं असेल तर मात्र सगळाच गुन्हा दखलपात्र धरून तपास होतो. म्हणून एफआयआरची प्रत मिळवा आणि ७७ च्या शेजारी काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा की नाही हे त्यावर ठरेल.

नोटिशीला घाबरू नका, पण चुकवूही नका. ती बहुतेक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची असेल, जुन्या सीआरपीसीचं ४१अ. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, अटक करायची तर कारणं लेखी नोंदवावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलंय. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला साधारणपणे अटक होत नाही. जाताना नोटिशीची प्रत आणि हजर राहिल्याची पोच घ्या. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, संहितेच्या कलम १८१ मध्येच तसं आहे. कुणी कागद पुढं सरकवला तर नम्रपणे विचारा की हा कसला कागद आहे. पंचनामा, नोटिशीची पोच हे कागद वेगळे.

आता तुमचा मूळ प्रश्न. कलम ७७ मध्ये ‘जाणूनबुजून’ असा शब्द नाही. सरकारी वकील त्यावर बोट ठेवणार. पण शब्द नाही म्हणून मनातला हेतू बघायचाच नाही, असंही नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं धारच्या नथुलाल नावाच्या धान्य व्यापाऱ्याचा खटला होता. परवान्यासाठी अर्ज केलेला, फी भरलेली, परवाना मिळेलच या समजुतीत त्यानं गव्हाचा साठा केला. न्यायालयानं त्याला सोडलं, कारण कायदा मोडायची बुद्धी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी मात्र एका परदेशी प्रवाशाला त्याच न्यायालयानं सोडलं नाही. अंगावर सोनं घेऊन तो विमानातून चालला होता, विमान सांताक्रूझला थांबलं, आणि नियम चारच दिवसांपूर्वी बदललाय हे त्याला माहीत नव्हतं. दोन्ही निकाल आजही वकील एकमेकांच्या तोंडावर फेकतात. तुमची बाजू पहिल्याच्या जवळची आहे असं मला वाटतं. तुम्हाला नियम माहीत होता, तुमची चूक वस्तुस्थितीबद्दल झाली.

अशा चुकीला न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये संरक्षण आहे, जुनं आयपीसी ७९. अट एकच, ती चूक ‘सद्भावनेनं’ झालेली हवी. आणि सद्भावनेची व्याख्या कडक आहे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची धरत नाहीत. म्हणजे तुमचा सगळा खटला ‘विचारलं का’ यावर उभा राहणार नाही, ‘कसं बघितलं’ यावर राहील. फोनवरचा फोटो बघणं ही योग्य काळजी झाली का? गर्दी होती हे कारण तिथं चालत नाही. उलट गर्दीत जास्त काळजी घ्यायला हवी होती, असं समोरचा म्हणेल. वरच्या ताईंनी विचारलेलाच प्रश्न कोर्टात विचारला जाईल, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका.

पुस्तकावर सही नाही. एकदा नाही, शंभरदा नाही. आत्ता जे कलम तुमच्यावर आहे त्यात तुम्ही ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकता. मागाहून भरलेल्या परवान्यावर सही केलीत की खोटा पुरावा तयार करण्याचा नवा गुन्हा, आणि त्यात हे वाक्य तुमच्या कामाचं राहणार नाही. शिवाय पाच मुलांची नावं खोटी आहेत हे सिद्ध करायला पोलिसांना पाच मिनिटं लागतील.

मालकाचा वकील नको. त्याची बाजू अशी असणार की आम्ही कडक सूचना दिल्या होत्या, नोकरानं पाळल्या नाहीत. तुमची बाजू अशी की कार्ड तपासायची सोयच नव्हती, परवान्याची पुस्तकं मागाहून भरली जात होती. एक वकील या दोन्ही बाजू कशा मांडणार? पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, १५१०० वर फोन लागतो. तिथले वकील फुकटचे म्हणून कमी दर्जाचे, हा समज काढून टाका.

आणि दवाखान्यात जाऊ नका. तुमचं मन मला कळतंय. पण तो मुलगा आता साक्षीदार आहे. तुम्ही फळं घेऊन गेलात तरी उद्या ‘दबाव टाकायला आला होता’ असा अर्ज पडू शकतो आणि जामिनाला तेच आड येईल. मुलाच्या हातात गाडी कुणाची होती, हा प्रश्नही तुमच्या मनात आला असेल. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९अ आहे. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. ते पोलीस बघतील. तुम्ही ते वडिलांना ऐकवायला जाऊ नका.

---

निवृत्त_बारमॅनेजर

वकीलताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त एका वस्तूबद्दल लिहितो. डीव्हीआर.

आपल्याकडच्या बहुतेक डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या डब्यात, ते पंधरा दिवस, फार तर महिनाभर राहतं, मग जुन्यावर नवं चढतं. शनिवारपासून किती दिवस झाले ते आज मोजा. तुम्ही फोन बघितला हे दाखवणारी जगात ती एकच वस्तू आहे, आणि ती मालकाच्या केबिनमध्ये आहे. सोमवारची वाट बघू नका. उद्याच चौकीत दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेचं रात्री साडेआठ ते अकरा या वेळेचं चित्रीकरण माझ्या बचावासाठी महत्त्वाचं आहे, ते पुसलं जाण्याआधी जप्त करावं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. एक्साइजच्या दुय्यम निरीक्षकांनाही तसाच द्या. स्वतः जाऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ नका. मालकाशी भांडण होईल आणि तुम्हीच छेडछाड केली असं ठरेल.

बीओटीची नक्कल, बिलाची वेळ, त्या रात्रीचा हजेरीपट, यांचेही अर्जात उल्लेख करा. किती वेटर रजेवर होते ते हजेरीपटातच दिसतं.

आता या धाग्यावर वाचणाऱ्या इतर कॅप्टन-वेटरांसाठी. फोनच्या गॅलरीतला आधारचा फोटो म्हणजे काहीच नाही. जन्माचं वर्ष बदलायला शाळेतल्या पोराला दोन मिनिटं लागतात. पण आधारवर जो क्यूआर असतो तो आत बदलत नाही. आधार प्राधिकरणाचं क्यूआर स्कॅनर अ‍ॅप फुकट आहे, त्यातून स्कॅन केलं की खरी जन्मतारीख समोर येते. फोटोत क्यूआर कापलेला असेल तर तिथंच समजा. किंवा डिजिलॉकर समोर उघडायला सांगा, फोटो नको. आणि हेही माहीत असू द्या की कोर्टात वय आधारवर ठरत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. म्हणून तर वडील शाळेचा दाखला घेऊन आले.

आमच्या वेळी मालक म्हणायचे, गिऱ्हाईक परत पाठवू नको, टेबल मोडतं. पाच जणांतल्या एकाला नाही म्हटलं की पाचही उठतात. कॅप्टनच्या मनात हेच असतं, त्याच्या पगाराशी ते बांधलेलं असतं. कोर्टात मात्र ‘टेबल’ उभं राहत नाही, माणूस राहतो.

---

पूर्वी_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये शिकत असताना दोन वर्षं एका दारूच्या दुकानात गल्ल्यावर होतो. तिथं वय अठरा. पण दुकानाचा नियम ‘चॅलेंज २५’, म्हणजे पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागायचं. अठराचा आहे की सतराचा हे डोळ्यांनी ओळखायची जबाबदारीच अंगावर घ्यायची नाही. फोनमधला फोटो चालायचा नाही, हातात कार्ड हवं. एकदा मी कामाच्या चौथ्या दिवशी एका मुलीला न विचारता सायडरचे कॅन दिले आणि ती पोलिसांनी पाठवलेली निघाली. ते अल्पवयीन स्वयंसेवक पाठवून दुकानं तपासतात. जागेवर ९० पौंड दंड, विकणाऱ्याला, म्हणजे मला. विद्यार्थी व्हिसावर होतो, रात्रभर झोपलो नाही.

एक गोष्ट मात्र तिथं चांगली होती. २००३ च्या त्यांच्या परवाना कायद्यात, कलम १४६ मध्येच लिहिलंय की विकणाऱ्याला गिऱ्हाईक अठराचं वाटलं आणि वय तपासायला त्यानं शक्य ते सगळं केलं असेल तर तो त्याचा बचाव. आणि यात तुरुंग नाही, दंड आहे. त्या बचावासाठी गल्ल्याजवळ एक वही असायची. कुणाला नकार दिला, किती वाजता, दिसायला कसा होता, सही. माझ्या हातच्या नोंदी अजून त्या वहीत असतील. तुमच्याकडे अशी वही असती तर तुम्ही बाकीच्या दिवशी किती जणांना परत पाठवलं ते दिसलं असतं. कायद्यात नसली तरी कुणीही ठेवू शकतं, शंभर पानी वही चाळीस रुपयांना मिळते.

---

टेबल_सात

सगळ्यांचे आभार. सोमवार होऊन गेला, म्हणून लिहितोय.

पुस्तकावर सही केली नाही. दिवाणजी परत आले होते, दाराबाहेरूनच नाही म्हटलं. त्यानंतर मालकांनी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. दीड महिन्याचा पगार तिकडंच आहे. तो मागायला सध्या जात नाही.

डीव्हीआरचा अर्ज रविवारी सकाळी दिला. ठाणे अंमलदारांनी आधी घेतला नाही, म्हणाले उद्या साहेबांना भेटा. मी दुसरी प्रत पुढं धरून उभाच राहिलो, मग शिक्का मारला. पंधरा दिवस भरत आले होते. पोलिसांनी सोमवारी दुपारीच पंचनामा करून डीव्हीआर जप्त केला. मालक म्हणत होते सात नंबरवरचा कॅमेरा बंद आहे. तो खरंच बंद होता, पण काउंटरवरच्या कॅमेऱ्यात सात नंबरचा कोपरा येतो, ते मला माहीत होतं. रोज तिथं उभा राहतो मी.

विधी सेवा प्राधिकरणातून एक तरुण वकील मिळालेत. शांत आहेत, मधे बोलत नाहीत, सगळं लिहून घेतात. ७७ च्या सोबत दुसरं कलमही लावलंय, म्हणून त्यांनी अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच टाकला. चौकीत अडीच तास होतो. जबाब झाला, सही मागितली नाही. हवालदारांनाही ते माहीत होतं. त्या पोराच्या फोनमधली आधारची इमेज तपासासाठी घेतल्याचं अधिकारी म्हणाले.

त्याच अधिकाऱ्यांनी मला चित्रीकरण दाखवलं. ते सांगायचंय.

पडद्यावर खाली वेळ पळत असते, आकडे पांढरे. मी टेबलाशी येतो, पॅड हातात, ऑर्डर लिहितो, मग थांबतो आणि त्या पोराकडं हात करून काहीतरी बोलतो. तो फोन काढतो. मी वाकतो. ९ वाजून ७ मिनिटं १२ सेकंद. मी मान वर करतो तेव्हा १६ सेकंद. अधिकाऱ्यांनी मागं घेऊन तीनदा लावलं. चार सेकंद. आणि त्या चारपैकी दुसऱ्या सेकंदाला माझी मान काउंटरकडं वळते, कुणीतरी हाक मारली असावी. हे मला आठवतच नव्हतं. तुम्हा सगळ्यांना मी लिहिलं की वर्ष बघितलं, चेहरा बघितला. दोन्ही बघितलं खरं, पण किती, ते आता कळलं.

वकीलसाहेब म्हणाले, हे चित्रीकरण आपल्या बाजूचंही आहे आणि विरुद्धही. विचारलं ते दिसतंय, बघितलं ते दिसतंय, किती बघितलं तेही दिसतंय. मी म्हटलं, आहे तसंच द्या कोर्टात.

दोन मुलांची आई, तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही जे विचारलं होतं, ‘किती वेळ लागतो’, ते त्या पडद्यापुढं बसून मी मोजलं. कार्ड दाखव, नसेल तर थम्सअप घे, एवढं बोलायला सात-आठ सेकंद लागतात. चौकीतून घरी येताना एसटीत मी ते मनातल्या मनात परत परत म्हणून बघत होतो.

दवाखान्यात गेलो नाही. बरोबर काम करणारा एक पोऱ्या त्याच गावचा आहे, त्याच्याकडून कळलं की रॉड टाकलाय, डिसेंबरपर्यंत कुबड्या आहेत, बारावीची परीक्षा द्यायचं म्हणतोय.

जामिनाच्या अर्जावर पुढची तारीख बुधवारची आहे. झालं की लिहितो.

---

वकीलताई_वाई

बुधवारी कोर्टात कुणी घरचं माणूस सोबत न्या. नोकरनाम्याची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि अर्जावरच्या शिक्क्याची ती पोच फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. आणि काही खाऊन जा, नंबर कधी लागेल सांगता येत नाही.